वरच्या वस्तीची चौदा मतं

६ जानेवारी

वहिनी,

सप्रेम नमस्कार.

अक्षर ओळखून पाकीट बाजूला टाकलं नसेल तर आधी एवढंच सांगतो, की हे पत्र मी आपण होऊन लिहीत नाही. काल पक्षाचे अध्यक्ष छापखान्यात आले होते. यंत्राशेजारच्या स्टुलावर बसले, पँटला शाई लागली तरी उठले नाहीत. तेव्हाच ओळखलं, काम मोठं आहे. तुम्ही त्यांचा फोन घेत नाही म्हणे. "तुमच्या भावजय आहेत, तुम्ही सांगा. निवडणुकीतल्या जागेचा सगळा आढावा द्या, आकड्यांनिशी." मी म्हटलं, माझाही फोन त्या घेत नाहीत. तर म्हणाले, "फोन कापता येतो. पत्र कापता येत नाही. लिहा."

म्हणून हा आढावा. तुम्हाला यातलं निम्मं माहीत आहे, पण अध्यक्षांना प्रत द्यायची आहे, तेव्हा सुरुवातीपासून लिहितो.

आमचे थोरले बंधू पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा आपण घरच्यांनीसुद्धा ते पडणार असंच धरलं होतं. दोनशे बारा मतांनी आले. का, ते आजवर कळलेलं नाही. समोर गुरांचे डॉक्टर होते, तीनदा निवडून आलेले; लोकांना त्यांचा कंटाळा आला होता, एवढंच. दुसऱ्या खेपेला थोरले नव्वदनं पडले, कारण नदीपलीकडच्या पाच गावांची बस बंद झाली होती. बस बंद करणारं खातं त्यांचं नव्हतं, पण रोज दिसणारं तोंड त्यांचं होतं. तिसऱ्या खेपेला चौसष्टनं आले. त्या मुदतीत त्यांनी दगडखाण बंद करवली. खालच्या शाळेतली मुलं धुळीनं खोकत होती, करायला हवंच होतं. पण खाणीत राबणारी माणसं वरच्या वस्तीतली, म्हणजे तुमच्या माहेरची. मुदत संपायला चार महिने असताना थोरले गेले. पक्षानं तुम्हाला उभं केलं.

वकिलांपुढे अकरा मतांनी पडलात. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता सध्याचं. वकिलांनी पाच वर्षांत एक रस्ता केला, तोही नदीपर्यंतच. लोक त्यांच्यावर चिडलेले नाहीत. चिडलेले असते तर काम सोपं होतं. कंटाळलेली माणसं मत फिरवत नाहीत, घरी बसतात. मागच्या निवडणुकीत वकिलांची पोरं पत्रकं न्यायला यायची ती गाणी म्हणत. या वेळी प्रूफ तपासायलासुद्धा कोणी येत नाही. त्यांच्या पत्रकातल्या चुका मीच काढतो. काय करणार, डोळ्याला खुपतात.

माझा अंदाज असा. दुसरं कोणी उभं राहिलं तर आपण चारशेनं पडू. तुम्ही उभ्या राहिलात तर तीस-चाळीसनं इकडे किंवा तिकडे. केंद्रवार तक्ता जोडला आहे. वरच्या वस्तीत चौदा मतदार होते, आता दहा उरलेत. त्यांच्यापुढे मी 'शंकास्पद' लिहिलं आहे.

अर्ज भरायची शेवटची तारीख २६ फेब्रुवारी, दुपारी तीनपर्यंत. मुलीला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

तुमचा दीर

२३ जानेवारी

वहिनी,

सप्रेम नमस्कार.

पाच वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. चारच ओळी, पण दोनदा वाचल्या. "तक्ता पाहिला. मला फक्त वरच्या वस्तीचं सांगा. माझ्याच माणसांनी मला एकदा पाडलं. दुसऱ्यांदा त्यांच्याच हातून पडायला मी येणार नाही. ती मतं येणार असतील तर विचार करीन."

अध्यक्षांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अहो, दहा मतांसाठी बाई अडून बसतात?" मी म्हटलं, अकरा मतांनी पडलेल्या माणसाला दहा मतं थोडी वाटत नाहीत. मग म्हणाले, "जाऊन या वर."

रविवारी गेलो. चालतच गेलो, पाच किलोमीटर चढ. आता गुडघे बोलतात. तुमचे दादा शिडीवर चढून पत्रा ठोकत होते. खाण बंद झाल्यापासून ते लाकडाच्या वखारीत जातात, रविवार तेवढा मोकळा असतो. वरूनच म्हणाले, "कोण? छापखानेवाले? निवडणूक आली वाटतं."

"सहज आलो होतो," मी म्हटलं.

"सहज एवढा चढ कोणी चढत नाही. जीप कुठाय? की या वेळीही विसरलात?"

मी पत्र्याचा विषय काढला. पत्रा खरंच गंजला आहे.

मग मतांचं विचारलं. त्यांनी तोंडातले खिळे हातात घेतले आणि म्हणाले, "आमच्या दहा मतांवाचून तिचं अडतं का? पाच वर्षांत आईला भेटायला आली नाही. आम्ही मेलो की जिवंत आहोत ते मतदारयादीवरून कळत असेल तिला." आवाज चढला नव्हता. शिडी धरायला सांगितली, मी धरली.

आई बऱ्या आहेत. ऐकायला बरंच कमी येतं. दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसतात. माझ्याशी थोडं बोलल्या.

एकंदर पाहता वस्तीत विरोध नाही, नाराजी आहे. मतं येतील असं धरायला हरकत नाही. निदान सहा-सात.

तुमचा दीर

४ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. "जीपचं काय? 'या वेळीही' म्हणजे काय?" एवढंच आहे, खाली सहीसुद्धा नाही.

मला वाटलं होतं, ते वाक्य तुमच्या नजरेतून सुटेल. लिहिताना ते गाळता आलं असतं. माझा धंदाच नको ती ओळ काढायचा आहे. तरी गाळलं नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. थकलो आहे, एवढं खरं.

त्या दिवशी आपल्याकडे तीन गाड्या होत्या. थोरल्यांची पद्धत तुम्हाला माहीत आहे. आपल्या माणसांची यादी हातात ठेवायची, मत देऊन गेला त्याच्यावर काट मारायची, उरतील त्यांच्याकडे गाडी पाठवायची. दुपारी तीन वाजता मी शाळेच्या व्हरांड्यात यादी जुळवली. आपण दीडशेनं पुढे होतो. दोनदा बेरीज केली, दोन्हीदा दीडशे. जीप वरच्या वस्तीला जायची होती, ड्रायव्हर गाडी चालू करून उभा होता.

आणि मला आभारपत्रक आठवलं.

थोरले दोन्हीदा निवडून आले तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत घरोघरी आभाराचं पत्रक पोचलं होतं. लोक थक्क व्हायचे. हा माणूस झोपतो कधी, म्हणायचे. ती करामत माझी होती. मजकूर आधीच जुळवून ठेवायचा, आकडा तेवढा शेवटी बसवायचा. तुमच्या वेळेला मजकूर तयार होता, पण कागद संपला होता. गोदाम शहरात, पाचला बंद होणार, आणि पुढे दोन दिवस सुट्टी. दुसऱ्या दोन गाड्या नदीपलीकडे होत्या. मी ड्रायव्हरला म्हटलं, "आधी कागद आण."

तो म्हणाला, "ती माणसं वळणावर येऊन उभी असतील हो."

मी म्हटलं, "चौदाच आहेत. कागद टाक, मग जा."

तो परत आला तेव्हा सव्वापाच झाले होते. मतदान पाचला संपलं.

ते दीडशे कुठे गेले ते मला आजही माहीत नाही. ज्यांनी ज्यांनी हसून मान हलवली ते सगळे मी आपले धरले होते, दुसरं काय. चौदातले दोघं आलेच नसते असं धरू. बारा उरतात. तुम्ही अकरानं पडलात. म्हणजे एका मतानं निवडून आला असतात. हे गणित मी पाच वर्षांत इतक्यांदा केलं आहे की आता कागद लागत नाही.

निकालाच्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, "वरच्या वस्तीतून किती?" मी म्हटलं, कोणी आलं नाही. तुम्ही विचारलंत, "आई?" मी म्हटलं, त्याही नाहीत. दोन्ही उत्तरं खरी होती. पुढचं तुम्ही खाणीशी जुळवलंत, आणि मी जुळू दिलं.

आणखी एक आहे. निकालानंतर तिसऱ्या दिवशी दादा खाली आले होते. तुम्ही आतल्या खोलीत मुलीकडे जायची बॅग भरत होतात. दार मी उघडलं. मी सांगितलं की तिला कोणाला भेटायचं नाही. तुम्ही तसं म्हटलं नव्हतं. ते जिन्यावरूनच परत गेले. ते आले होते हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की आई माझ्याशी थोडं बोलल्या. काय बोलल्या ते लिहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आम्ही चालत यायला हवं होतं. तीन वाजता निघालो असतो तर पोचलो असतो. पण जीप येईल, जीप येईल करत उभे राहिलो. म्हणून रागावली ती. रागावणारच."

त्यांना हेच वाटतं, वहिनी. तुम्हाला वाटलं त्यांनी पाडलं, आणि त्यांनाही वाटलं आपणच पाडलं. दोघांना वेगळं सांगू शकणारा माणूस मी एकटा होतो.

तुम्ही आता मला काय म्हणाल ते म्हणा. जागेचा अंदाज बदललेला नाही. अर्जाला बावीस दिवस आहेत.

दीर

१५ फेब्रुवारी

वहिनी,

तुमची चिठ्ठी आली. "हे मला लिहिलंत. त्यांना सांगितलंत का? आधी वर जाऊन तोंडानं सांगा. काय झालं ते मग मला लिहा. एकही शब्द गाळू नका."

काल जाऊन आलो. एकही शब्द गाळत नाही.

आई दारात होत्या. दादा आत होते, त्यांना बाहेर बोलावलं. वाटेत मी सगळं नीट जुळवून ठेवलं होतं, कुठून सुरुवात करायची, कारण कधी सांगायचं. आईंसमोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी जीप मी पाठवली नाही."

"काय पाठवलं?"

"जीप! पाठवली नाही!"

"नको, आज कशाला जीप? आम्हाला कुठं जायचंय?"

"आज नाही! पाच वर्षांपूर्वी! मतदानाला!"

शेजारच्या दोन दारांतून माणसं बाहेर आली. जुळवून ठेवलेलं सगळं तिथेच सांडलं. जोरात ओरडताना माणसाला फक्त लहान वाक्यं बोलता येतात, हे मला माहीत नव्हतं. "चूक माझी! जीप कागद आणायला पाठवली! मी पाठवली!" हे तीनदा ओरडलो. पलीकडे खाणीतले ते म्हातारे मुकादम उभे होते, चौदातलेच एक. ते म्हणाले, "आणखी थोडं जोरात होऊन जाऊ द्या. खाली शाळेत ऐकू गेलं नसेल."

कोणी तरी हसलं. दादा हसले नाहीत.

"कसला कागद?" त्यांनी विचारलं.

"आभारपत्रकाचा."

"कोणाचे आभार?"

"मतदारांचे."

ते म्हणाले, "म्हणजे आमचेच की."

मुकादम म्हणाले, "आम्ही सहापर्यंत उभे होतो वळणावर. ठेवणीतले कपडे घालून. ही म्हातारी खाली बसायला तयार नव्हती, कपडे चुरगळतील म्हणून." मग ते आत निघून गेले.

दादांना जिन्यावरचंही सांगितलं, की परत पाठवणारा मी होतो, तुम्हाला पत्ताच नव्हता. त्यावर त्यांनी एकदम वर पाहिलं. मला वाटलं, आता हात उचलतात. उचलला असता तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मी खाली जाऊन आलो हे तिला आजपर्यंत माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"पाच वर्षं मी तिला दगड म्हणतोय."

आई तोपर्यंत विचार करत होत्या. त्यांनी माझ्या बाहीला धरून ओढलं. "म्हणजे आम्ही चालत आलो नाही, म्हणून नाही ना रागावली ती?"

मी मान हलवली. नाही.

"मग कशानं?"

"माझ्यामुळे!"

"तुमच्यावर रागावली, तर तुमच्याकडे यायचं नाही. आमच्याकडे का येत नाही?"

उत्तराची त्यांनी वाटही पाहिली नाही. "मग आता कधी येते?"

मी म्हटलं, विचारून सांगतो. ते ऐकू गेलं नाही, आणि मी पुन्हा म्हटलं नाही.

निघताना दादांना विचारलं, मतांचं काय कळवू? सवय, दुसरं काय. ते म्हणाले, "जा आता." तक्त्यात त्या दहांपुढे काय लिहायचं ते मला कळत नाही. तसंच सोडलं आहे. अध्यक्ष रोज विचारतात. त्यांना सांगितलं, उत्तर माझ्याकडे नाही. ते म्हणाले, "अकरा दिवस राहिलेत, आणि तुम्ही असं बोलताय?" त्यांना वाटतं मी आजारी आहे.

दीर

२८ फेब्रुवारी

वहिनी,

दूधगाडीबरोबर हे वर पाठवतो आहे. तुम्ही आल्याचंही दूधगाडीवाल्याकडूनच कळलं. "तुमच्या भावजय काल थेट वर उतरल्या. खाली थांबल्यासुद्धा नाहीत," म्हणाला.

परवा अर्ज भरायला आलात तेव्हा मी छापखान्याच्या दारात होतो. समोरून गेलात, पाहिलं नाहीत. मी हात जोडायला उचलला होता तो दारावरच ठेवला.

काल छाननी झाली. तुम्ही नदीपलीकडच्या गावांत होतात. दादा सांगतीलच, पण ते थोडक्यात सांगतात, म्हणून लिहितो. मी मागच्या बाकावर होतो.

वकिलांच्या माणसानं हरकत घेतली. सूचक म्हणून जी सही आहे ती यादीतल्या नावाच्या बाईंची वाटत नाही, ही सही नसून रेघ आहे, असं म्हणाला. अधिकाऱ्यांनी अर्ज उजेडात धरला. कारकून म्हणाला, रेघच दिसते. अर्ज बाद झाला असता, तर काल दुपारीच सगळं संपलं असतं. दादा उठले आणि म्हणाले, "आमची आई आहे. खाली जीपमध्ये बसली आहे. आणू?"

सकाळपासून बसल्या होत्या म्हणे. घरी थांबायलाच तयार नव्हत्या.

दोघांनी धरून आणलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "आजी, ही सही तुमची?" दादा म्हणाले, "मोठ्यानं विचारा." अधिकारी भला माणूस, उभा राहून ओरडला. आईंनी कागद डोळ्याजवळ नेला. "माझीच. हात कापतो, मग सही कापणार नाही का?"

वकिलांचा माणूस म्हणाला, "पण कशावर सही केली ते तरी त्यांना माहीत आहे का?"

अधिकारी पुन्हा ओरडले, "कशावर सही केलीत?"

"पोरीच्या कागदावर. ती म्हणाली, उभी राहू का? मी म्हटलं, राहा." मग त्यांनी त्या माणसाकडे पाहून विचारलं, "हा कोणाचा?"

कारकुनाला हसू आवरेना. वकिलांचा माणूस खाली बसला. अधिकाऱ्यांनी अर्जावर शिक्का मारला. वैध.

बाहेर आल्यावर दादा माझ्याकडे आले. तुमचे निवडणूक प्रतिनिधी तेच आहेत, हे बाहेरच्या फलकावर वाचलं होतं. म्हणाले, यादी द्या. छापखान्यात नेऊन दिली. खुणा समजावल्या: काट कसली, टिंब कसलं. हसून मान हलवणारा माणूस आपला धरू नका, हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, "अंदाज काय?"

मी म्हटलं, या वेळी काढलेला नाही. तीस-चाळीसनं इकडे किंवा तिकडे, ही जागा नेहमी तशीच असते.

यादी काखेत मारून ते निघाले. मी विचारलं, मतदानाच्या दिवशी मी कुठल्या केंद्रावर थांबू? तुम्हाला विचारलं असावं त्यांनी, कारण उत्तर तयार होतं.

"तुम्ही मत द्या आणि घरी बसा."

बसेन, वहिनी.

तुमचा दीर